वरच्या खोलीचा लोड

३ फेब्रुवारी, सोमवार

आजही दोन ते पाच वीज नाही. महिनाभर हेच! दुकानात चार मशिनं, तीन कारागीर आणि मी, सगळे हात मांडीवर ठेवून बसलो. दुकान भाड्याचं, डोक्यावर चार मजले दुसऱ्यांचे. तिथे सोलरचं नावही काढता येत नाही. पण घराचं छप्पर तर आपलं आहे! ठरवलं. घरावर पॅनेल बसवायची, बॅटरीसकट. दुपारी घरात निदान पंखा तरी फिरेल.

जेवताना सांगितलं. मुलगी म्हणाली, "सुचलं एकदाचं बाबांना!" बायकोनं माझ्या ताटात न मागता आणखी एक पोळी वाढली.

५ फेब्रुवारी, बुधवार

पहिला सोलरवाला आला. बूट असे चकचकीत की त्यात भांग पाडावा. छपरावर चढलाच नाही. "काका, डोळे झाकून पाच किलोवॅट घ्या."

"पाचच का?"

"सगळे पाच घेतात."

आता मी शिंपी माणूस. उद्या कुणी म्हणालं, डोळे झाकून बेचाळीस नंबर शिवा, तर शिवीन का? माणूस समोर उभा करायचा, टेप टाकायची, मग बोलायचं. शिवाय तो दोनदा म्हणाला, "बॅटरी बारा तास चालेल." काय चालवून बारा तास, ते दोन्ही वेळा गिळलं. माझे कान असल्या जागा सोडत नाहीत. उगाच नाही जिन्याखालच्या एका मशीनवरून दुकानापर्यंत आलो. चहा पाजला आणि वाटेला लावला.

९ फेब्रुवारी, रविवार

स्वतःच घराचं माप घ्यायला बसलो. वही, पेन, चष्मा. कोणती वस्तू किती वॅटची, दिवसाला किती तास. फ्रिज. पाच पंखे. टीव्ही. पाण्याचा पंप रोज चाळीस मिनिटं. धुलाईचं मशीन.

मुलगी म्हणाली, "हेअर ड्रायर नका लिहू."

"का? चालतो ना?"

"चालतो. पण लिहिलेला बरा दिसत नाही."

हिला विचारलं, वरच्या खोलीत काय? "काय असणार? एक दिवा. अडगळ." फारच पटकन उत्तर आलं!

बेरीज सहा युनिट. बाहेर जाऊन मीटरचं आठवड्याचं रीडिंग पाहिलं, रोजचे आठ निघतात. दोन युनिट गेले कुठे? टेप टाकली की गिऱ्हाईक पोट आत ओढतं, हे मी रोज बघतो. माझ्याच घरानं आज पोट आत ओढलंय.

१० फेब्रुवारी, सोमवार

दुसऱ्या कंपनीची मुलगी आली. इंजिनिअर आहे. आल्या आल्या शिडी मागितली. छपरावर पाऊण तास! टाकीची सावली कुठून कुठे सरकते ते खडूनं आखून आली. मग मेनबोर्ड उघडून वायरीला एक चिमटा लावला, त्याला वीज नोंदणारी डबी. "आठवडाभर राहू दे काका. यादीत माणसं विसरतात. वायर विसरत नाही."

तिचं नाव आमच्याकडे 'चिमटेवाली' पडलं. मला पसंत आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चिमटेवालीनं दुकानातच येऊन आलेख दाखवला. फ्रिजच्या बारीक पायऱ्या. पंपाचा सुळका. आणि रविवार सोडून रोज सकाळी अकराला चारशे वॅटची एक सरळ भिंत उभी राहते. दोनला वीज जाते तिथे कोसळते. पाचला वीज आली की मिनिटभरात पुन्हा उभी! साडेसहाला खाली. मधूनमधून हजार वॅटचा काटा.

"हे काय असेल काका?"

मी म्हणालो, बघतो. पण बघायचं काय त्यात? जुनी क्लच मोटर. टाका घाला, नका घालू, तिची घरघर चालूच. आणि तो काटा म्हणजे इस्त्री. माझं पहिलं मोटरचं मशीन वरच्या खोलीत चादरीखाली आहे. आहे, म्हणजे असं मी समजत होतो!

दिवसभर तीच एक गोष्ट डोक्यात. वीज आली की मिनिटभरात. म्हणजे कुणीतरी तीन तास मशीनसमोर बसून वाट बघतंय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

साडेअकराला घरी गेलो. चपला खाली काढल्या. जिन्यातच ऐकू आलं. सरळ शिवण, कोपऱ्याआधी जरा दम, दोन टाके मागे, मग वळण. शिकाऊ हात नव्हता तो. मी चौथ्या पायरीवर बसून राहिलो. खरं सांगतो, ऐकत राहावंसं वाटलं.

दार लोटलं. हिनं पायडल सोडलं नाही. शिवण संपवली, दोरा कापला, मग मान वर केली. "कळलं?"

"वायरीनं सांगितलं."

आठ महिने चाललंय! चेन बदलणं, बाही आत घेणं, कंबर सैल करणं. "तुमच्याच दारावरून परत गेलेली माणसं," ही म्हणाली. "पाटीच लावलीय ना तुम्ही, दुरुस्तीची कामं घेत नाही म्हणून." आता बालवाडीचे साठ एप्रन मिळालेत, आठ मार्चला द्यायचे. वेळेवर दिले तर वर्षभराचं काम हिचं. नाही दिले तर नाव गेलं. आणि रोजचे तीन तास लोडशेडिंग खातं. कटिंग अंधुक उजेडात कशीबशी होते, शिलाई होत नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही हात घातला की ते तुमचं होतं."

"असं कधी झालंय?"

"दुकानात खिडकीजवळचा कोपरा मागितला होता मी. आठवतंय? दोन दिवसांत तिथे तुमचं चौथं मशीन आलं."

आठवलं. पाणी मागितलं, प्यालो, दुकानात परत आलो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मुलीला सगळं माहीत होतं. "तुम्हाला इतकं ऐकू येतं बाबा, म्हटलं हेही आलं असेल!" टोमणा बरोबर बसला.

संध्याकाळी चिमटेवालीला बोलावून खरी यादी दिली. ड्रायरसकट. रोजचे आठ युनिट, एक किलोवॅट पॅनेल दिवसाला चारेक युनिट देतं, म्हणजे दोन पुरतील. ढगांचे दिवस धरून तीन. पाच युनिटची बॅटरी. वीज गेल्यावर पंप बंद, धुलाई बंद. मी म्हणालो, इस्त्रीही बंद ठेवू, फार खाते.

ही दारातून म्हणाली, "म्हणजे चुरगळलेला कपडा देऊ गिऱ्हाइकाला? तुम्ही देता?"

मी! मी, जो कारागिरांना रोज सांगतो की अर्धी शिलाई इस्त्रीत असते! मान खाली घालून इस्त्री लिहिली.

२३ फेब्रुवारी, रविवार

मोठाच घोळ केला.

ही आणि मुलगी मावशीकडे गेल्या होत्या. म्हटलं, क्लच मोटर काढून सर्वो बसवू. ती मोटर फक्त शिवताना वीज घेते, एरवी गप्प. बॅटरीचं ओझं पाव होईल. दोन तासांत बसवली, तेल दिलं, मशीनची उंचीही जरा बदलली. वाटलं, खूश होईल!

आली. बसली. दोन टाके घातले. "मशीनला हात कुणी लावला?"

"अगं, वीज वाचते—"

"मी विचारलं होतं?"

चिडून नाही बोलली. चिडली असती तर बरं वाटलं असतं. मशीनवर चादर घातली आणि खाली गेली. तेरा दिवस उरलेत आणि आज एकही एप्रन झाला नाही. तो माझ्या खात्यावर.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुकान उशिरा उघडलं. जुनी मोटर परत बसवली, उंची होती तशी केली. हिला म्हणालो, बघून घे. हिनं बघून घेतलं. आठ टाके, एक वळण. "ठीक आहे." बस, एवढंच. पण मी शिट्टी वाजवत गेलो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

चिमटेवाली वायरी आखायला आली होती. ही तिला स्वतःहून वर घेऊन गेली. मी खालीच. ऐकायला नव्हतो बसलो! ऐकू आलं.

"ही मोटर नुसती बसली तरी खाते का?"

"हो काकू, सगळ्यात जास्त नुसती बसलेलीच खाते."

"घरात सवय आहे मला तसल्यांची."

दोघी बराच वेळ हसल्या. मग ही जिन्यातून ओरडली, "अहो, ती नवी मोटर कुठे ठेवलीत? आणि टॉर्च आणा!"

हिनं स्वतः बसवली. मी टॉर्च धरला. दोनदा "इकडे पाडा उजेड" ऐकून घेतलं.

२ मार्च, रविवार

सहा पॅनेल बसली. टाकीची सावली चुकवून पूर्वेच्या अंगाला. बॅटरी जिन्याखाली, हवा खेळेल अशी. दिसायला एखादं कपाट! शेजारचे सगळे बघून गेले. प्रत्येकानं विचारलं, "पाच किलोवॅट ना?" मी म्हणालो, "तीन. मापाचं आहे."

४ मार्च, मंगळवार

ठरल्या वेळी वीज गेली. दुकानात अंधार, कारागीर डुलक्या घेतायत. दोन वाजून पाच मिनिटांनी घरून फोन. ही बोललीच नाही. नुसता मशीनजवळ धरला होता. कोपरा, दोन टाके मागे, वळण.

कारागिरांनी विचारलं, कुणाचा फोन? हसत होतो म्हणे मी.

८ मार्च, शनिवार

साठ. वेळेवर. इस्त्री करून, दहा-दहाचे गठ्ठे. बालवाडीच्या बाईंनी एक एप्रन उलटा करून आतली शिवण पाहिली. जाणकार बाई! वर्षभराचं काम दिलं. आणखी दोन शाळांना नाव सांगते म्हणाल्या.

मी तिथे नव्हतो. मुलीनं सांगितलं. ही फक्त म्हणाली, "झालं बाई एकदाचं," आणि साडेआठलाच झोपली.

११ मार्च, मंगळवार

आज दुपारी अंधाऱ्या दुकानात बसून विचार केला. हिच्याकडे काम आहे, वीज आहे. माझ्याकडे दोन ते पाच रिकामे हात आहेत. घरी गेलो. वर जाऊन दाराशी उभा राहिलो, आत नाही गेलो. म्हणालो, "दुपारचं काही काम मिळेल का?"

हिनं शिवण संपवली. वरपासून खालपर्यंत बघितलं. "दोन ते पाच. माप मी घेणार, गिऱ्हाइकांशी मी बोलणार. चालेल?"

"चालेल."

"उद्या या. बघू कसा हात आहे."

१२ मार्च, बुधवार

पहिला दिवस. एक खिसा लावला. मालकीणबाईंनी उजेडात धरला, म्हणाल्या, तिरका आहे, उसवा.

उसवला.