एक, दोन, तीन की चार

३ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ८.१०
आजपासून रोजनिशी. फक्त टायरांसाठी. भावनिक मजकूर येणार नाही.

पार्श्वभूमी: हिला बढती मिळाली. मुलींच्या निवासी शाळेत मुख्याध्यापिका. घाटापलीकडे, तीन तास. ३ नोव्हेंबरला, सोमवारी हजर व्हायचं. गाडी ती नेणार. मीही बरोबर जायचं की नाही ते ठरायचंय, पण आधी टायर. काल सर्व्हिसिंगवाल्याने टायरवरून हात फिरवला आणि म्हणाला, साहेब, हे पार गुळगुळीत झालेत, पुढचे दोन बदलाच, चारही बदललेत तर उत्तम. आता ‘तर उत्तम’ म्हणजे काय? मी बावीस वर्षं बाटल्यांची झाकणं तपासली. आमच्या खात्यात ‘तर उत्तम’ चालत नसे. पास नाहीतर रिजेक्ट.

निर्णय रविवारपर्यंत.

५ ऑक्टोबर, रविवार
निर्णय झाला नाही. डेटाच नाही तर निर्णय कसा होणार? उद्या खाचांची खोली मोजायचं गेज आणतो.

ही म्हणाली, शाळेने विचारलंय. दोघं येणार असाल तर आवारातच दोन खोल्यांचं क्वार्टर, एकट्याच येणार असाल तर मुलींच्या वसतिगृहात एक खोली. ३१ तारखेपर्यंत कळवायचंय. मी म्हटलं, अजून सव्वीस दिवस आहेत. एका वेळी एक विषय. तिने भाजी चिरता चिरता मान हलवली. समजूतदार आहे.

७ ऑक्टोबर
रीडिंग. पुढचा डावा २.१, पुढचा उजवा २.०, मागचे दोन्ही २.९ मिलिमीटर. म्हणजे दोनच बदलायचे. सात मिनिटांत प्रश्न सुटला. लोक उगाच बाऊ करतात.

दुपारी टायरवाल्याकडे. म्हटलं, पुढे दोन नवे टाक. तो म्हणाला, दोनच घेणार असाल तर नवे मागे आणि मागचे पुढे, नाहीतर वळणावर गाडीची शेपटी सटकते. झिजलेत पुढचे आणि हा नवे मागे टाकतोय! मेहुण्याला फोन केला. हिचा भाऊ, त्याचे पाच ट्रक आहेत. तो म्हणाला, भावोजी, त्याचं काय ऐकता, नवे पुढेच.

खाली ब्रेककाका भेटले. निवृत्त बसड्रायव्हर. पेपर वाचतानासुद्धा उजवा पाय दाबतात, म्हणून हे नाव. ते म्हणाले, चारही बदल. घाट आहे. त्या टायरांवर तुझी बायको बसून जाणार आहे, झाकणं नाहीत.

तीन माणसं, तीन मतं. टायर घेतले नाहीत.

१० ऑक्टोबर
स्टेपनी! इतके दिवस कुणाच्याच लक्षात आलं नाही. डिकीतली स्टेपनी कोरी करकरीत आहे. म्हणजे दोनची गरज असेल तर एकच विकत घ्यायचा आणि चारची असेल तर तीन. आता प्रश्न एक, दोन, तीन की चार असा नीट मांडता येतो. तक्ता केला. सोळा रकाने.

ही वाकून बघत होती. म्हणाली, एक रकाना माझ्यासाठी ठेवा. कोणता विचारलं तर म्हणाली, येणार की नाही येणार. कधीकधी विनोदी बोलते.

१४ ऑक्टोबर
बरोबर जाण्याविषयी: माझी शंभर टक्के तयारी आहे. फक्त तिथे मी करणार काय? मार्चमध्ये कारखान्याने आमचं खातंच बंद केलं, तेव्हापासून घरी आहे. इथे निदान चार लोक अजून ‘इन्स्पेक्शनचे साहेब’ म्हणतात. तिथे मी ‘बाईंचे मिस्टर’. सकाळी ती शाळेत जाणार, मी दारात उभा. मुली बघणार आणि तोंडावर हात ठेवून हसणार. भीती वाटते. खरंच वाटते.

(हा मजकूर टायरांशी संबंधित नाही. खोडणे.)

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
संध्याकाळी ही घरी आली ती पांढरीफटक. सिग्नलपाशी टँकरमधून रस्त्यावर पाणी सांडलं होतं. ब्रेक दाबला तरी गाडी हातभर पुढे सरकली. पुढे एक बाई लेकराला घेऊन रस्ता ओलांडत होती. थोडक्यात वाचलं.

 तिचा हात धरला तर बर्फासारखा गार. तिला काही झालं असतं तर मी कुणाकडे बघायचं?

उद्या सकाळी चार टायर. अंतिम. खाली दोन रेघा मारल्या आहेत.

१८ ऑक्टोबर
टायरवाल्याने चार टायर काढून ठेवले होते. बसवायला घेणार इतक्यात मी कडेवरचा उत्पादनाचा चार आकडी नंबर वाचला. आठवडा सेहेचाळीस, साल मागचं. म्हणजे माल अकरा महिने जुना! रिजेक्ट केला. ताजे मागवायला सांगितले. टायरवाल्याने हात जोडले. म्हणाला, साहेब, टायर आहे, दूध नाही. दहा दिवस लागतील म्हणतो. लागू देत.

घरी आलो तर हिने विचारलं, झालं का काम? मी म्हटलं, नशीब समज, वेळेत पकडलं. ती आत गेली. आतून कपाटावरची बॅग काढल्याचा आवाज आला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
ही दोन तास उशिरा आली. चहा पिताना टायरांबद्दल काहीतरी सांगत होती. मी तक्त्यात होतो, हूं हूं म्हटलं. रकाने आता एकवीस.

२५ ऑक्टोबर
विलक्षण घटना. आजचं रीडिंग: चारही टायर ८.०.

तीनदा मोजलं. आठच. आता इथे सामान्य माणूस गोंधळला असता. पण आमच्या खात्याचा पहिला नियम: आकडा एकदम उडी मारतो तेव्हा मालावर संशय घ्यायचा नाही, आधी गेजवर घ्यायचा. डोळे फसवतात. डोळ्यांना काय, टायर काळे कुळकुळीत दिसत होते, त्यांच्यावर बारीक रबरी केससुद्धा दिसले. पूर्वी कधी लक्ष गेलं नव्हतं. हिने गाडी धुऊन आणलेली दिसते.

उद्या दुसरं गेज.

२६ ऑक्टोबर, रविवार
नवीन गेज. रीडिंग ८.०. सिद्ध झालं! जुनं गेज तीन आठवडे खोटं बोलत होतं. टायर पहिल्यापासून ठणठणीत होते. एक नाही, दोन नाही, चार नाही. उत्तर शून्य. मी घाई केली असती तर केवढं नुकसान झालं असतं.

हिला तक्त्यासकट सगळं समजावून सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग हसणं थांबलं, पण पाणी काही थांबलं नाही. हाताने तोंड पुसलं आणि म्हणाली, आणि तुमचं काय? मी म्हटलं, आता तोच विषय घेतो हातात. पाच दिवस आहेत.

टायरवाल्याला ऑर्डर रद्द करायला फोन केला. तो म्हणायला लागला, अहो साहेब, पण बाई तर... मी पुढे बोलूच दिलं नाही. हे लोक असाच गळ टाकतात.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार. दुपारी ४.४०
शाळेचं ऑफिस पाचला बंद होतं. ही समोर फोन घेऊन बसली आहे. विचारते, काय कळवू? तक्ता तयार आहे, ‘जाणे’ आणि ‘न जाणे’. सहा रकाने बाकी आहेत.

४.५५
अजून दहा मिनिटं मागितली.

५.०५
ती फोन घेऊन बाल्कनीत गेली होती, आत आली. काय कळवलं ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. चष्मा पुसत बसली.

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ९.३०
गेली.

मागच्या सीटवर बॅगा. पुढे माझ्या सीटवर मिक्सरचा खोका. पडू नये म्हणून त्याला बेल्ट लावला होता. मी वाकून चारही चाकांची हवा तपासली. गरज नव्हती. मान वर करायला लागू नये म्हणून. ती म्हणाली, वेळेवर जेवत जा. मी म्हटलं, टायरची काळजी करू नकोस, मी खात्री केलीय. ती म्हणाली, हो.

११.००
टायरवाल्याचा फोन. साहेब, तुमचे जुने चार टायर दुकानात पडून आहेत, नेणार की भंगारात देऊ? म्हटलं, कसले जुने? तो म्हणाला, चोवीस तारखेला बाईंनी चारही नवे टाकून नेले ना. मी विचारलं, कोण बाई? तो म्हणाला, तुमच्या.

मग बसून राहिलो. मधे एकदा उठून बाल्कनीत गेलो. खाली गाडीच्या जागेवर तेलाचा डाग आहे.

२ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ३.४०
जेवलो नाही. सगळे तक्ते फाडले. मला तिच्याबरोबर जायचं होतं. ज्या दिवशी तिला बढतीचं पत्र आलं त्या दिवसापासून जायचं होतं. हे एका वाक्यात सांगता येत होतं.

फोन केला. म्हटलं, मी येतो. आजच. मिस्टर म्हणोत नाहीतर आणखी काही म्हणोत.  ती म्हणाली, क्वार्टर शुक्रवारी साडेपाचला संगीताच्या सरांना दिलं, ते नवरा-बायको कालच राहायलाही आले. तिला वसतिगृहात खोली मिळाली आहे. एक कॉट. पुरुषांना आत परवानगी नाही. मी विचारलं, नवऱ्यालाही नाही? म्हणाली, नियम मीच मोडला तर मुलींना काय सांगू? भेटता येतं, फक्त रविवारी चार ते सहा, ऑफिसबाहेरच्या बाकावर. रजिस्टरमध्ये नाव आणि नातं लिहून.

म्हटलं, आज रविवारच आहे.

ती म्हणाली, हो ना.

मी पायात बूट घातले, किल्ली घ्यायला खुंटीकडे हात नेला. गाडी तिच्याकडे आहे. पुढची बस पाचला, पोचणार आठला.