काचेपलीकडचं बोट

३ नोव्हेंबर

फरक कळणार नाही म्हणे! मला!

आज सुनेने लॅपटॉप उघडून पडद्यावर माझं मशीन दाखवलं. हुबेहूब. तेच लाकडी गाल, त्याच गोल खुंट्या, तीच लाल रेघ. "आई, हा प्लगइन. तुमचाच सिंथेसायझर, फक्त कॉम्प्युटरच्या आत. उचलायला नको, पुसायला नको." मी म्हटलं, फोटोतल्या चहाने कधी घसा ओला होतो का? ती हसली. ती माझ्यावर चिडत नाही, हीच तिची वाईट सवय आहे. भांडायला मजाच येत नाही.

विषय निघाला तो संगीत महाविद्यालयाच्या फोनवरून. त्यांना मशीन हवंय. काचेच्या कपाटात ठेवणार, खाली माझ्या नावाची पाटी. आपण जिवंत असताना पाटी! चिरंजीव लगेच म्हणाले, "देऊन टाक ना. तसंही ती बिचारी मागच्या खोलीत त्या धुडाशेजारी गुडघे पोटाशी घेऊन काम करते." ती मालिकांचं पार्श्वसंगीत करते. मशीन हलवा असं ती स्वतः एकदाही म्हणालेली नाही.

तर पैज लागली. लॅपटॉपमधलं मशीन माझ्या मशीनइतकं वाजलं, तर माझं महाविद्यालयाला जाणार. नाही वाजलं, तर ते इथेच राहणार आणि पुन्हा कुणी विषय काढायचा नाही. पंच कोण? हे. उभा जन्म रेकॉर्डिस्ट म्हणून काढला. ह्यांचे कान म्हणजे शेवटचा शब्द.

हे म्हणाले, "मला मध्ये ओढू नका." म्हणजे तयार आहेत.

४ नोव्हेंबर

ऐकला तो प्लगइन. ठीक आहे, म्हटलं.

ठीक नाही, चांगला आहे. पण हे फक्त इथे लिहितेय.

६ नोव्हेंबर

दुपारी सून बाहेर गेली तेव्हा एकटीच बसले. तिचा तो प्लास्टिकचा छोटा कीबोर्ड मांडीवर घेतला — बाळाचं खेळणं वाटतं! खर्जाचे सूर वाजवले. छातीत घुमले. मान्य. पितळी वाद्यांसारखा फुगत येणारा आवाज — तोही मान्य. मग आवाजाची धार कमीजास्त करणारी खुंटी हळूहळू फिरवली. आवाज पांघरुणातून तोंड बाहेर काढतो तसा उघडत गेला. अगदी तसाच! मला जरा रागच आला.

पण मग पकडलं. हा फार शहाणा आहे. केव्हाही हाक मारा, जागाच. माझं मशीन सकाळी उठून बसायला वेळ घेतं. आधी सूर चढलेला, मग उतरलेला, मग जरा सावरतं, आणि खोली तापली की पुन्हा घसरतं. त्याला सांभाळत वाजवावं लागतं, डावा अंगठा कायम सूर सावरायच्या चाकावर. पट्ट्या जड. दाबल्या की तळाला पोचेपर्यंत आपण थांबायचं. याला काही थांबणं नाही. मुलाखतीला आलेल्या उमेदवारासारखं चटचट उत्तर.

सून आल्यावर सांगितलं. तर म्हणाली, "आई, हे बटण बघा." खाली कोपऱ्यात एक बारीक खुंटी. नाव — वय! फिरवली की आवाज म्हातारा होतो. सूर डगमगतो, दम लागतो. मी हसून हसून बेजार. म्हटलं, एकीकडे तरुण करणारी मलमं विकतात आणि दुसरीकडे ही खुंटी! उलटी फिरवून माझ्या गुडघ्यांना लाव गं.

(वय निम्म्यावर ठेवलं तेव्हा मात्र मी एकदा मागे वळून माझ्या मशीनकडे पाहिलं. ते बंद होतं.)

८ नोव्हेंबर

मशीनची धूळ पुसताना मी हे वाजवायचे तो रेकॉर्डिंगचा स्टुडिओ आठवला. गालिच्याचा, सिगरेटचा आणि तापलेल्या तारांचा मिळून एक वास. सगळे पुरुष, आणि त्यांत मी एकटी, कॉन्व्हेंटची ताठ वेणी घालून. मला सिस्टर म्हणायचे. म्हणेनात का! आमच्या मदर पियानो शिकवताना हाताच्या पाठीवर नाणं ठेवायच्या. पडलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे माझा हात कधी हलला नाही आणि मान कधी झुकली नाही.

स्टुडिओचा कडक नियम होता. मशीनवर बसलं की आपल्या आवाजाची खुंटी शून्यावर. एक सूर चुकून निसटला तर चाळीस वादकांचा टेक वाया! लाल दिवा लागायचा, "रोलिंग" अशी हाक यायची, सगळे श्वास धरायचे, आणि मग काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बोट वर करायचा. तेव्हा खुंटी उघडायची. ते बोट ह्यांचं. लग्नाआधी किती वर्षं मी ह्यांचं फक्त बोटच ओळखत होते! नंतर मागणी घालतानाही काही बोलले नाहीत. रेकॉर्डिंग संपलं, सगळे उठले, आणि काचेपलीकडे पुन्हा ते बोट वर. मी म्हटलं, अजून एक टेक? मान हलवून नाही म्हणाले. मग कळलं.

१० नोव्हेंबर

सून हट्टी आहे. मला आवडतं.

माझ्या मशीनचा वरचा पंचम खरखरतो. कारण ह्यांनी पूर्वी कधीतरी त्यात चहा सांडला. हे अजून नाकबूल. "ओल धरली असेल." साखरेची ओल! तर मी सुनेला म्हटलं, तुझ्या प्लगइनला हा पंचम कुठून येणार? तिने खूप वेळ ऐकला. मग मशीनला एक केबल जोडली. माझ्या पट्ट्या दाबल्या की तिचा कॉम्प्युटर वाजतो, अशी. हे निवृत्त झाल्यावर ह्यांनीच हौसेने मशीनला त्या केबलसाठी भोक पाडून ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत मी दाबतेय, ती तिकडे काहीतरी खुडबुड करतेय. "आता?" "जास्त खरखरला." "आता?" "आता चहात साखर कमी पडली."

शेवटी जमलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, वेडी कुठली. म्हणाली, "मला जिंकायचं नाही हो आई. हा आवाज मला हवाय फक्त. मशीन कधी बंद पडलं तर?" मी तिच्या डोक्यावर टपली मारली. मशीन बंद पडणार नाही. तशी त्याची हिंमत नाही.

११ नोव्हेंबर

उद्या परीक्षा. मला काही काळजी नाही. वाईट सुनेचं वाटतं.

१२ नोव्हेंबर

जिंकले!!

सविस्तर लिहिते. हे खुर्चीत, तोंड भिंतीकडे, मांडीवर हात, आज्ञाधारक मुलासारखे. चिरंजीव दारात, कुणी खाणाखुणा करू नये म्हणून पहाऱ्याला. आवाज त्याच स्पीकरमधून, कधी माझं मशीन, कधी तिचा प्लास्टिकचा कीबोर्ड आणि प्लगइन. वाजवणार मीच, एकच धून. सून दोन्हींचं वेगवेगळं रेकॉर्डिंगही करत होती, उगाच नंतर वाद नको. तिने "रोलिंग" म्हटलं आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली. हात जुन्या जागी गेले. किती वर्षांनी ऐकला तो शब्द!

पहिल्यांदा मशीनवर बसले. वाजवलं. हे लगेच म्हणाले, "मशीन." मग प्लास्टिक. "लॅपटॉप." पुन्हा प्लास्टिक, फसवायला. "लॅपटॉप. मला काय खुळा समजलात?" मग मशीन — हे जरा थांबले. माझा जीव वर-खाली. "मशीन." एकदाही चुकले नाहीत! एकदाही नाही! चिरंजीव म्हणाले, "बाबा, भिंतीत आरसा आहे का?"

मलाही वाजवताना फरक स्पष्ट कळत होता. मशीनवर पंचम लागला तेव्हा अंगावर काटा आला. प्लगइनवर तो नुसता खरखरला. हा फरक कुठल्या खुंटीत नसतो. सुनेला तसं सांगितलं. ती म्हणाली, "हो आई, आज मलाही वाटलं." किती मोठ्या मनाची आहे पोरगी. उद्या तिच्यासाठी मागच्या खोलीतलं जुनं कपाट हलवून जागा करते.

ह्यांना विचारलं, मध्ये थांबलात का हो? म्हणाले, "शिंक येत होती."

१३ नोव्हेंबर

महाविद्यालयाला नाही म्हणून कळवलं. फार गोड बोलून. तिकडचे प्राध्यापक म्हणाले, "बाई, हल्ली प्लगइनमध्येही तंतोतंत मिळतं." मी म्हटलं, आमच्याकडे त्याची परीक्षा झालेली आहे!

१५ नोव्हेंबर

सून परीक्षेचं रेकॉर्डिंग लावायला बसली. थोड्या वेळाने "आई" म्हणून हाक मारली, अगदी हळू. पडद्यावर दोन ओळी. प्लगइनच्या ओळीवर आवाजाचे सगळे डोंगर. मशीनच्या ओळीवर एक सरळ रेघ. सुरुवातीपासून शेवटपर्यंत काहीच नाही.

ती पंचमाची केबल काढायला विसरली होती. आणि मी — "रोलिंग" ऐकून बसले, खुंटी शून्यावर केली, आणि उघडलीच नाही. उघडणार कशी? बोट वर करणारा भिंतीकडे तोंड करून बसला होता! मशीनच्या पट्ट्या दाबत होते मी, आणि वाजत होता तिचा प्लगइन. दोन्हीकडे प्लगइनच. अंगावर काटा आला तोही त्याच्याचमुळे.

ह्यांना सांगितलं. वर्तमानपत्र खाली केलं. "तरी म्हटलं, खोली तापली तरी सूर उतरत कसा नाही."

"कळलं होतं? मग मशीन का म्हणालात?"

"तू बसली होतीस ना त्यावर. ते ऐकू येतं मला. घाई नसते तुला तिथे."

मग सुनेला म्हटलं, तू जिंकलीस. उद्या महाविद्यालयाला फोन करते, घेऊन जा म्हणून. ती रडायला लागली, नको नको म्हणत. मी म्हटलं, गप. केबल काढ आधी.

मशीन तापू दिलं. बसले. खुंटी शून्यावर. हे उठले, दाराच्या काचेपलीकडे जाऊन उभे राहिले, आणि बोट वर केलं.

मी आवाज उघडला.