दुसरा जॉन थर्लबी

लिंकन, इंग्लंड
१४ मे २०१९

प्रिय विनी,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू हे पत्र फोडलंस, म्हणजे आभारांची सुरुवात इथूनच करायला हवी. तेरा वर्षांनी मी तुला लिहितेय आणि भांडायला लिहीत नाही, यावर तुझा चटकन विश्वास बसणार नाही. काल दुपारपर्यंत माझाही बसला नसता. इथे एका चहाच्या दुकानात खिडकीपाशी बसलेय. समोर मनुकांच्या पावाचा तुकडा आहे, त्यावर इथल्या रीतीने चीज ठेवलंय, आणि दुकानदारीणबाई दर दहा मिनिटांनी येऊन, 'अजून एक कप देऊ का गं?' असं विचारतात. एकोणसत्तर वर्षांच्या बाईला कुणी 'गं' म्हटलं की बरं वाटतं.

मी इथे कशी आले ते सांगते. ऑगस्टमध्ये तिकडे अमेरिकेत आपल्या थर्लबी घराण्याचा मेळावा आहे, नेहमीसारखा चर्चमागच्या हिरवळीवर. तुझ्याशिवायचा हा चाळिसावा, मी मोजलेत. यंदा बाबांच्या वंशावळीच्या ग्रंथाची नवी आवृत्ती निघणार आणि संपादनाचं काम माझ्या गळ्यात पडलंय, कारण स्वल्पविराम कुठे द्यायचा हे घराण्यात दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. आपला चुलतभाऊ रॉस्को आठवतो ना? तसाच आहे, फक्त पोट वाढलंय. तो म्हणाला, "हेस्टर, पहिल्या पानावर जॉनच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीचा फोटो हवा. रंगीत! लोकांना कळू दे आपण कुठून आलो ते." मी हो म्हटलं आणि घरी येऊन तासभर खुर्चीतून उठले नाही. त्या फोटोत काय गोम आहे हे जगात फक्त दोघींना माहीत होतं, तुला आणि मला.

तुला माहीत असलेलंच मी पुन्हा लिहिणार आहे. मला ते एकदा ओळीने मांडू दे, आयुष्यभर शाळेच्या कचेरीत टंकलेखन केल्याची ही खोड आहे. बाबांनी वीस वर्षं खपून आपल्या आडनावाचं मूळ शोधलं. दुकान बंद केलं की जेवण, जेवण झालं की जॉन. आपला पहिला पूर्वज जॉन थर्लबी १६३७ साली समुद्र ओलांडून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला आला हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तो इंग्लंडात कुठला हे कुणालाच सांगता येत नव्हतं. बाबा सुट्टी काढून इथे आले आणि वेनथॉर्प गावच्या चर्चच्या वहीत त्यांना ती ओळ सापडली. मे १६१४, मॅथ्यू थर्लबीचा मुलगा जॉन याचा बाप्तिस्मा. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी वही मिटली आणि पाद्रीबुवांना मिठी मारली. त्या मिठीवरच आपला ग्रंथ उभा आहे. पुढे त्या चर्चमध्ये पितळी पाटी लागली, बाबा तिथे हुंदके देऊन रडले. तू आली नव्हतीस.

या शोधकामातला पहिला धडा काय, तर बाप्तिस्मा सापडला की पुढची काही वर्षं दफनाची पानं चाळायची. बाबांनी ती चाळली नाहीत. ती तू चाळलीस. २००६ साली तू एकटी वेनथॉर्पला जाऊन आलीस आणि मला पाकीट पाठवलंस. आत दफनाच्या नोंदीची प्रत होती, जून १६१४, मॅथ्यूचा मुलगा जॉन. आपला महान पूर्वज, ज्याच्या नावाने दरवर्षी दीडशे माणसं बीन्स आणि ब्लूबेरीची गोड पाई खातात, तो एकोणीस दिवसांचा होऊन वारला होता. सोबतच्या कागदावर तू एवढंच लिहिलं होतंस, 'बाबांना सांगायचं की नाही ते तू ठरव. मी कुणाला बोलणार नाही.'

आणि मी काय केलं? फोन उचलला आणि तुला म्हटलं, "थर्लबींचं रक्त असतं तर तुझ्या हातून हे झालं नसतं." तू म्हणालीस, "बरं, हेस्टर," आणि फोन ठेवलास. त्यानंतर आपण बोललो नाही. दोन वर्षांनी बाबा गेले तेव्हा तू चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली होतीस. तिथे रॉस्को जॉनच्या बाप्तिस्म्यावर मोठ्या आवाजात भाषण ठोकत होता. तुला उठून दोन वाक्यांत सगळ्यांचे दात घशात घालता आले असते. तू हातातलं स्तोत्रांचं पुस्तक चाळत राहिलीस. त्या गप्प बसण्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आज मानते, मनापासून.

आता कालची गोष्ट. खरं सांगते, मी इथे तुला खोटं पाडायला आले होते. तुझं ते पाकीट सोबत आणलं होतं, मनात होतं की दफनाच्या नोंदीत काहीतरी खोट निघेल, दुसरा कुणी मॅथ्यू असेल. वेनथॉर्पची वही आता इथल्या दफ्तरखान्यात असते, तिथे मॉरीन पिंचबेक नावाच्या बाई आहेत, माझ्याच वयाच्या, चष्मा दोरीला बांधलेला. मी तीन दिवस त्यांचं डोकं खाल्लं. वेनथॉर्पमध्ये मॅथ्यू थर्लबी एकच होता. दफनाची ओळ लख्ख होती. आणि पुढची १६१५ ते १६१८ ची पानं ओल लागून कुजलेली, अक्षरही लागत नव्हतं. मी टेबलावर कपाळ टेकून बसले. मॉरीनबाई आल्या आणि माझ्यासमोरच्या पाकिटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बाई, त्यात अजून एक कागद आहे की. तो वाचलात का?"

वाचला नव्हता, विनी. तेरा वर्षं माझ्या खणात होता आणि मी पहिला कागद वाचून रागाने पाकीट बंद केलं होतं. दुसऱ्या कागदावर तुझ्या त्या नीटस अक्षरात लिहिलं होतं, 'हेस्टर, घाबरू नकोस. बाबांच्याच ग्रंथात मॅथ्यूचं १६४१ चं मृत्युपत्र आहे, त्यात तो न्यू इंग्लंडमधल्या माझ्या मुलाला, जॉनला, असं म्हणतो. म्हणजे मॅथ्यूला मोठा झालेला एक जॉन होता. पहिला गेल्यावर दुसरा झाला असणार. वेनथॉर्पची पानं कुजलीत, पण चर्चच्या वहीची प्रत दरवर्षी बिशपकडे जायची, ती लिंकनला असेल. माझी सुट्टी संपली. तू जाऊन बघशील का? आपण दोघी मिळून बाबांना एकदमच सांगू.'

दोघी मिळून, असं लिहिलं होतंस तू. मी ते वाचलं आणि मॉरीनबाईंसमोर भोकाड पसरलं. त्या बिचाऱ्या गोंधळल्या. "अहो, वही भिजली म्हणून एवढं रडतं का कुणी? बिशपची प्रत आहे ना! आधी नाक पुसा, कागद जुने आहेत," असं म्हणत आत गेल्या आणि चामड्याची अरुंद गुंडाळी घेऊन आल्या. ऑक्टोबर १६१६. मॅथ्यू थर्लबीचा मुलगा जॉन याचा बाप्तिस्मा. आपल्या जॉनने १६६६ साली कोर्टात साक्ष देताना वय पन्नासच्या आसपास सांगितलं होतं, आठवतं? बाबा त्या दोन वर्षांच्या फरकाने हैराण व्हायचे, जेवताना आईला पुन्हा पुन्हा समजावून सांगायचे. फरक नव्हताच. म्हातारा खरं बोलला होता.

मी मॉरीनबाईंना विचारलं, एकोणीस दिवसांत गेलेल्या लेकराचं नाव आईने पुढच्याला कसं दिलं असेल, जीभ कशी वळली असेल. त्या म्हणाल्या, "इथे दर दुसऱ्या घरात असंच दिसेल तुम्हाला. पहिलं गेलं की पुढच्याला तेच नाव. नाव वाया घालवत नसत. आणि तुमच्याकडची माणसं नेमकी इथेच फसतात. पहिली ओळ सापडली की फोटो काढून परत पळतात." मग चष्मा खाली सोडून म्हणाल्या, "तुम्ही सगळे त्या दुसऱ्याचे हो. पहिल्याचं कुणीच नाही."

विनी, हे ऐकल्यावर मला पुढचं काही वाचता आलं नाही. मला आपल्या घराची मागची पायरी दिसली आणि तिथे उभी राहून 'लविनिया!' अशी तुझ्या पूर्ण नावाने हाक मारणारी आई. मी चार वर्षांची होते तेव्हा आईला मुलगी झाली, तीन आठवड्यांत गेली. पुढच्या वर्षी आई-बाबा तुला घेऊन आले, चार महिन्यांची, दुपट्यात गुंडाळलेली, आणि आईने तुला तेच नाव दिलं. मला ते कधी सहन झालं नाही. तू सहा वर्षांची असताना मी तुला कब्रस्तानात नेऊन त्या लहानशा दगडावर तुझंच नाव दाखवलं आणि म्हटलं, "ही माझी खरी बहीण. तू तिच्या नावावर राहतेस." तू रडली नाहीस. घरी येऊन आईला विचारलंस, "मग मी कोण?" आईने मला आयुष्यात एकदाच मारलं, ते त्या दिवशी. मग तुला मांडीवर घेऊन म्हणाली, "मला ती हाक मारायची होती गं, आणि तू ओ दिलीस. बस, एवढंच आहे." मला तेव्हा वाटलं, आई माझ्या बहिणीला विसरली. एवढी म्हातारी होऊन, चारशे वर्षांपूर्वीच्या कातड्यावर बोट ठेवून मला कळलं की विसरायला नको म्हणूनच आया तसं करत होत्या. ज्याला गेलेल्या मुलाचं नाव दिलं तोच समुद्र ओलांडून आला, त्यानेच जमीन नांगरली, त्याच्याच पोटी आपला अख्खा गोतावळा झाला. त्याला उसन्या नावाचा असं कुणीही म्हटलं नाही. मी तुला म्हटलं.

आईचं शेवटचं दुखणं तू काढलंस, मी नाही. मला शाळेत परीक्षांचं काम होतं, असं मी सगळ्यांना सांगते. तुझ्याच हातचं सूप ती प्यायची. बाबांचा जॉन तूच आधी हरवलास आणि तूच शोधूनही दिलास, मी फक्त गुंडाळी उलगडली. नवीन आवृत्तीच्या प्रस्तावनेत हे सगळं तुझ्या नावाने येईल. रॉस्कोला मी कालच कळवलं. तो म्हणाला, "विनीने? आपल्या विनीने?" 'आपल्या' हा शब्द त्याच्या तोंडून सहज आला, तो तुला कळवावा असं वाटलं.

पण प्रस्तावनेसाठी एवढं लांब पत्र लागत नाही. मी हे लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने, आणि सकाळपासून तीन कप चहा पिऊन ते टाळत आलेय. अशा ग्रंथात घराण्यातल्या प्रत्येकाला एक क्रमांक असतो, तुला ठाऊकच आहे. १९७९ च्या ग्रंथात माझा ११४६ आहे आणि माझ्याखाली तुझं नाव क्रमांकाशिवाय आहे, कंसात दत्तक असं लिहून. तो ग्रंथ हातात पडला त्या वर्षानंतर तू मेळाव्याला आली नाहीस. तू बाबांना कारण सांगितलं नाहीस आणि त्यांनी ते कधी ओळखलं नाही. बाबांनी तुला वगळलं नव्हतं, विनी. त्यांच्या हस्तलिखितात तू ११४७ होतीस, नुसती लविनिया, माझी मुलगी, कंस नाही, काही नाही. सगळी पानं मी टंकली. तो आकडा मी काढला आणि तो कंस मी घातला. छापून आल्यावर बाबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, छापखान्याचा तसा नियम आहे. ते चिडले, त्यांनी चूक दुरुस्तीची चिठ्ठी लिहून माझ्याकडे दिली, सगळ्यांना पाठव म्हणाले. मी ती कुणालाच पाठवली नाही. शेवटच्या आजारातही ते विचारायचे, "विनी का येत नाही गं? मी काही बोललो का तिला?" आणि मी त्यांची उशी सारखी करायचे. ११४७ हा तुझा आकडा आता परत जागेवर आहे, पण तेवढ्याने चाळीस वर्षं परत येत नाहीत हे मला कळतं. ऑगस्टमध्ये यायचं की नाही ते तू ठरव, मी आग्रह धरणार नाही, तसा हक्कही मला राहिलेला नाही. फक्त बाबांवरचा राग आजपासून सोड. तो माझ्या वाट्याचा होता. माझ्याकडे पाठवून दे.

तुझीच, आणि तुझ्यामुळेच थर्लबी ठरलेली,
हेस्टर