निळी काच आणि उपासाची रताळी

सर, माझं सगळं बदललं ते इथे बहरैनमध्ये, मआमीरच्या बाजूला, एका तेलाच्या टाकीला लावलेल्या शिडीवर. खाली यायला थोड्याच पायऱ्या उरल्या होत्या आणि पायांनी माझं ऐकणं बंद केलं. पोटरीत गोळे तर रोज यायचे, ते आम्ही सगळेच शिव्या देत चोळून घालवायचो. त्या दिवशी गोळा आला नाही, ताकदच गेली. मी पायाला म्हणतोय खाली उतर, आणि पाय दुसऱ्या कुणाचा असावा तसा थंड. मग हातही सुटले. खाली वाळू होती म्हणून हाड वाचलं. फोरमन धावत आला, डोक्यावर पाणी ओतलं आणि पाण्याच्या पिंपाशेजारच्या बरणीतून मिठाच्या गोळ्या काढून माझ्या तोंडात कोंबल्या. उन्हाळ्यात इथे कुणालाही काहीही झालं की मिठाची गोळी. घाम वाळून बनियन पांढरा पडतो, तो पांढरेपणा मिठाचा, म्हणजे मीठ गेलं, म्हणजे मीठ खा. हा हिशेब आम्हा सगळ्यांना पटलेला होता. मला तर जास्तच, मी सायन्सचा ना.

त्या दुपारी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी जो शब्द उच्चारला, तो मी शेवटचा तुमच्या तोंडून ऐकला होता. पोटॅशियम.

तुमची प्रयोगशाळा मला अजून वासासकट आठवते. ओला ओटा, ॲसिडच्या बाटल्या, आणि तुम्ही पाठीमागे हात बांधून आमच्या मागून फिरताय. तारेवर कण घेऊन ज्योतीत धरायचा होता. मिश्रणात सोडियम असलं की ज्योत पिवळीधमक होते आणि तिच्याआड पोटॅशियमचा जांभळा झाकला जातो, म्हणून कोबाल्टच्या निळ्या काचेतून बघायचं. तुम्ही म्हणालात, "सोडियम ओरडतं रे, पोटॅशियम हळू बोलतं. हळू बोलणाऱ्याकडे लक्ष द्यायला शिका." ओट्यावर माझी जोडीदारीण कोण होती ते तुम्हाला माहीत आहे. ती तार धरायची, मी काच. ती म्हणायची, "माझ्याकडे काय बघतोस, ज्योतीकडे बघ." तुम्ही ऐकलंत आणि ऐकलं नाही असं दाखवलंत, हे मला तेव्हाही कळलं होतं.

त्या प्रयोगाच्या आदल्याच संध्याकाळी मी तिच्या वडिलांच्या दुकानात जाऊन सरळ सांगून आलो होतो की मी हिच्याशी लग्न करणार. त्यांनी कापड मोजता मोजता विचारलं, "करतोस काय?" शिकतो म्हणालो. "आधीच्या वर्षी कॉमर्सला होतास. त्याआधी गॅरेजात होतास. एका जागी दोन वर्षं टिकून दाखव, मग ये." एवढंच बोलले. आवाजसुद्धा चढवला नाही त्यांनी. माझं डोकं मात्र रात्रभर तापत राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलच्या मध्येच मी ॲप्रन काढून ओट्यावर आपटला. मी दारापर्यंत पोचलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "थांब. बर्नर चालू आहे तुझा. तो बंद कर, मग कुठे जायचं तिकडे जा." मी थांबलो नाही. बर्नर तिने बंद केला.

मला वाटलं होतं तुम्ही माझं नाव टाकलंत. पण मी मुंबईला निघालो त्या सकाळी तुम्ही एसटी स्टँडवर आलात, रुमालात ती निळी काच गुंडाळून. "तुझा प्रयोग अर्धा राहिलाय. पुरा झाला की आणून दे. कॉलेजची मालमत्ता आहे." मी हसलो नाही, पाया पडलो नाही, नुसती काच खिशात घातली. मी इथे आल्यावर काही महिन्यांनी गावाकडून आलेल्या एका माणसाने विमानतळावर सामान उचलता उचलता सांगितलं, तुमचे ते सर गेले हिवाळ्यात. मी म्हणालो, बरं. आणि त्याची पेटी गाडीत ठेवली.

मुहर्रकच्या जुन्या वस्तीतल्या एका खोलीत आम्ही चौघं राहायचो. त्यात वडीलधारे म्हणजे काका, गुहागरकडचे, पाण्याचा टँकर चालवायचे. जेवण पाळीपाळीने. मी तर आठवड्यातले तीन दिवस उपास धरलेले. सोमवार तिच्यासाठी, गुरुवार नोकरी टिकावी म्हणून, शनिवार तिच्या बापाचं मन वळावं म्हणून. दोन वर्षं पुरी होईपर्यंत मोडायचे नाहीत असं ठरवलं होतं. उपासाला साबुदाण्याची खिचडी, तीही दाण्याच्या कुटाशिवाय, कारण कूट मला लहानपणापासून आवडत नाही. वर काळा चहा. उरलेल्या दिवशी भात, खारा सुका बांगडा, लोणचं, आणि बटाट्याची भाजी. पहाटेच्या शिफ्टच्या आधी वेळ नसायचा म्हणून बटाटे सोलून, बारीक चिरून संध्याकाळीच पाण्यात टाकून ठेवायचे आणि सकाळी ते गढूळ पाणी ओतून द्यायचं, ही आमच्या मेसची पद्धत.

काका म्हणायचे, "साबुदाणा खाऊन टाक्या चढतोस? तिला तरी माहीत हाय का, तू तिच्यापायी सुकतोयस?"

"तिला सांगायचं नसतं काका."

"मग देवाला तरी सांगितलंयस ना? नायतर तो पण विचारात पडायचा, ह्या पोराला झालंय काय."

डॉक्टरबाई पुण्याच्या होत्या. मी काय खातो ते त्यांनी विचारलं आणि मी जरा अभिमानानेच सांगितलं. आठवडाभर पोट बिघडलं होतं, तेही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मीठ तुझ्यात भरपूर आहे. पोटॅशियम नाहीये. जुलाबातून गेलं, घामातून थोडं गेलं, आणि जितकं मीठ जास्त खाशील तितकं लघवीतून आणखी जातं. जायला तीन दारं. यायला एक तरी? साबुदाण्यात असतं काय, नुसतं पीठ." हाताला सलाइन लावलं होतं, आणि प्यायला एक औषध, इतकं घाण की चिडायलाही तोंड उघडवेना. त्या म्हणाल्या, "हे आठवडाभर. पुढचं काम जेवणाने करायचं. दोन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासू. तेव्हाही कमी असलं तर मला अनफिट लिहावं लागेल, आणि मग तुझी कंपनी तुला ठेवणार नाही. उपास बंद."

"उपास बंद नाही होणार."

"मग परतीचं तिकीट काढ."

मी काहीतरी उलट बोलणार होतो. त्यांनी माझी नाडी धरून ठेवली होती. म्हणाल्या, "आधीच ठोके चुकतायत तुझे. भांडण बरा झाल्यावर कर." सर, तुम्हीच बोलताय असं वाटलं.

म्हणजे आता असं झालं होतं. उपास मोडले तर, माझ्या त्या वेळच्या डोक्याप्रमाणे, ती गेली. नाही मोडले तर व्हिसा गेला, आणि वर्षसुद्धा न टिकता परत गेलो तर तिचे वडील कापड मोजता मोजता मान वर करणार नाहीत. मी खोलीवर पडून छताकडे बघत होतो. काकांनी बटाटे शिजायला टाकले होते आणि पाणी उतू जाऊन शेगडीत पडलं. निळी ज्योत एकदम पिवळी झाली. मीठ. मी उठलो, पेटीतून तुमची काच काढली आणि शेगडीसमोर उकिडवा बसलो.

"काय रे, ग्रहण लागलंय काय?" काका.

काचेतून बघितलं तर पिवळं गेलं होतं. जांभळं काही दिसलं नाही, पण पिवळं गेलं एवढं खरं. आणि मग मला वाटलं, मी इतके महिने नुसतं मीठच बघत बसलोय. डॉक्टरबाईंनी खायला सांगितलेल्या जिनसा मी मनात घोळवायला लागलो. केळी, खजूर, बटाटा सालासकट, रताळी, ताक, शेंगदाणे. डाळी, पालक आणि टोमॅटोही होते त्यात, पण ही पहिली नावं पुन्हा म्हणून बघा सर. ही सगळी उपासाला चालतात. आमच्या घरी एकादशीच्या ताटात हेच असायचं. मी ताटातलं एवढं सगळं सोडून नेमका साबुदाणा आणि चहा धरून बसलो होतो, आणि त्याला व्रत म्हणत होतो. मी काकांना म्हणालो, "काका, उपास मोडायची गरजच नाही." ते म्हणाले, "आता बडबडायला पण लागला."

त्या दोन आठवड्यांत मी जेवलो तसा आयुष्यात जेवलो नव्हतो. सकाळी बसच्या आधी केळी आणि मूठभर खजूर. साइटवर चहाऐवजी इथलं ताक, ज्याला हे लोक लबन म्हणतात. उपासाच्या दिवशी रताळी निखाऱ्यावर नाहीतर तव्यावर भाजून, आणि डोळे मिटून शेंगदाणे. इतर दिवशी मुगाची किंवा मसुराची डाळ, पालक, टोमॅटोचं सार. बटाटे भिजत घालणं मी बंद पाडलं. साल नीट धुऊन तसंच चिरायचं, आणि काही उकडलंच तर ते पाणी मोरीत नाही, डाळीत. कारण जे जायचं ते त्या पाण्यातूनच जातं. मेसमध्ये भांडणं झाली. एकाला सालं घशाखाली उतरेनात, त्याला मी भाजी न आवडली तर उपाशी राहा म्हणालो, तो माझ्याशी चार दिवस बोलला नाही. काकांनाही हे सगळं सुरू करायचं होतं, पण ते रक्तदाबाची गोळी घ्यायचे. डॉक्टरबाईंनी त्यांना सांगितलं, आधी मूत्रपिंडं नीट आहेत का ते तपासू. ती कमजोर असतील तर हेच पोटॅशियम अंगात साठून घात करतं. तपासणी होईपर्यंत काका माझ्या केळ्यांकडे बघून उसासे टाकायचे.

कोपऱ्यावरचा फळवाला म्हातारा बहरैनी होता, त्याला आपली हिंदी थोडी यायची. एकदा म्हणाला, "रोज केला, रोज केला. घर में बंदर रखा है?"

"रखा नहीं बाबा, मैं ही हूँ."

तेव्हापासून तो मला बघितलं की मोजायच्या आधीच फणी पुढे करायचा. "यल्ला, बंदर." यल्ला म्हणजे चल, घे.

दुसऱ्या तपासणीच्या दिवशी मी बाकावर बसलेलो, मनात तिच्या बापाचं दुकान. डॉक्टरबाईंनी कागद बघितला, परत बघितला. "छान आहे. काय केलंस?"

"उपास," मी म्हणालो.

त्यांना वाटलं मी उद्धटपणा करतोय. मग ताटात काय होतं ते सांगितल्यावर त्या इतक्या हसल्या की बाहेरची नर्स आत डोकावली. फिट लिहिलं. मी दवाखान्यापासून अरादच्या किल्ल्यापर्यंत चालत गेलो, उगीच, पाय ऐकतायत का ते बघायला. ऐकत होते.

पुढचं सगळं सरळ झालं असं नाही. फोरमनशी दोनदा वाजलं, एकदा राजीनामा लिहून खिशात घेऊन फिरलो. पण टिकलो. दोन वर्षांनी सुट्टीवर गेलो तेव्हा तिचे वडील कापड मोजायचा मीटर बाजूला ठेवून म्हणाले, "जाडा झालास." आमच्याकडे याला होकार म्हणतात. लग्न झालं, मी परत आलो, ती तिकडेच. फॅमिली व्हिसाला लागतो तसा पगार व्हायला आणखी वेळ गेला. त्या काळात जो विरह झाला तो मी तुम्हाला लिहीत नाही, तुम्ही सर आहात.

आज ती येतेय. चार वाजता विमान. काकांनी टँकर सोडून कुणाची तरी गाडी मागून आणलीय आणि ते खाली हॉर्न वाजवतायत. शेगडीवर रताळी उकडतायत. आज सोमवार, आणि उपास संपून किती वर्षं झाली तरी सोमवारी रताळी मी करतोच. खिडकीत तुमची काच आहे. पत्र घडी घालून मी तिच्याखाली ठेवणार आहे, टपालात टाकायचं म्हटलं तरी पत्ता काय घालू. एक मात्र राहिलं होतं सांगायचं. त्या दिवशी ॲप्रन आपटायच्या आधी जर्नलमध्ये मी 'जांभळी ज्योत दिसली' असं लिहिलं आणि तुम्ही त्याखाली सही केलीत. मला दिसली नव्हती, सर. मी तिच्याकडे बघत होतो. तिला दिसली होती, म्हणून मी लिहिलं. तो रंग नेमका कसा असतो, ते आज तिलाच विचारणार आहे.

काका परत हॉर्न देतायत. रताळी झाली. शेगडी बंद केली, एकदा वाकून बघितलं, बंद आहे. आता चपला घालतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.