हाल्वर तेइगेन, विधुर

तेइगेन, ११ जून १९७४

प्रिय आस्लाक,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. शेळ्या डोंगरावरच्या कुरणात चढवून झाल्या, माझे गुडघे मात्र खालीच राहिले. तुझी बायको आता काठीशिवाय चालते हे वाचून बरं वाटलं.

आता त्या अमेरिकन बाईंबद्दल. लॉरेनबाई येत्या रविवारी येताहेत. म्हणे आपल्या आजोबांची, हाल्वरची, नात. पहिल्या पत्रापासूनच मला वाटत होतं, यात कुठेतरी पाणी मुरतंय. शेत घराण्यातच राहावं असा आपला कायदा आहे, हक्क सांगायला तो तिकडेही कुणी वाचला असेलच की. शिवाय आपल्याकडे गडीसुद्धा ज्या शेतावर राबतो त्याचंच नाव लावतो. तेइगेनचा हाल्वर काय एकच असेल? म्हणून तुला बर्गेनच्या दफ्तरखान्यात पिटाळलं.

तुझं उत्तर मिळालं. बोटीच्या यादीत हाल्वर तेइगेन, वय सव्वीस, मे १८८३ मध्ये क्वेबेकला धडधाकट उतरलेला. आणि तो वाटेत तापाने गेला, समुद्रात सोडला, असं आजीला पत्राने कळवणारा त्याचा सोबती टोर्गेर मोए यादीत नाहीच. असा माणूस बोटीवर चढलाच नव्हता. "मग ते पत्र लिहिलं कुणी?" असं तू विचारतोस.

लॉरेनबाईंनी कागद पाठवलेत. हाल्वरने १८८५ मध्ये विधुर म्हणून लग्न केलं. पहिली मुलगी झाली, तिचं नाव ब्रीता. आता तूच सांग, बिजवर आपल्या पहिल्या मुलीला कुणाचं नाव देतो? मेलेल्या बायकोचं. नव्या बायकोनेच आठवण करून दिली असेल, रीत ती रीत. एकदा बायकोला कागदावर मारल्यावर त्याला दुसरं नाव ठेवता येणार नव्हतं. आणि तेव्हा आपली ब्रीताआजी इथे गोठ्यात गाईंची धार काढत होती.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला पहिल्यापासूनच ठाऊक आहे. तुला पिटाळायला शेताचं नुसतं निमित्त होतं. यादीत काही सापडलं नाही असं तू कळवशील आणि हे सांगण्यातून मी सुटेन, एवढीच आशा होती.

१९२९ मध्ये आजीला दिसेनासं झालं, तेव्हा तिने ते पत्र मला वाचायला लावलं. मी म्हटलं, "टोर्गेरचं अक्षर सुरेख आहे गं."

ती म्हणाली, "हाल्वरचंच आहे ते. पाद्रीबाबांनी हात धरून शिकवलं होतं त्याला. तुझ्या बापाला बोलू नकोस. बाप मेलाय म्हणून माझं पोर ताठ मानेने वाढलं. टाकून गेला म्हटलं असतं, तर गावाने टोचून टोचून खाल्लं असतं त्याला."

मरेपर्यंत, अठ्ठेचाळीस वर्षं, तिने काळे कपडे घातले. मला त्या माणसाचा संताप येतो. थोडा तिचाही येतो.

लॉरेनबाईंना आजीच्या थडग्यावर फुलं वाहायचीत. हाल्वर निघण्याआधीच ती गेली, अशी त्यांची समजूत. तू म्हणतोस, दुसरं एखादं जुनं थडगं दाखवून वेळ मारून नेऊ. ते मी करणार नाही. फुलं मी माझ्या बागेतली देईन, त्यांना खऱ्या दगडासमोर उभं करीन आणि गप्प राहीन. मृत्यूचं साल, १९३१, हा आकडा त्यांना वाचता येईल.

आजीला दिलेलं वचन बाबांपुरतं होतं आणि बाबा आता नाहीत. तू मात्र रविवारी ये. ती बाई दगडाकडून माझ्याकडे वळून बघेल, तेव्हा मला एकटीला तिथे उभं राहवणार नाही.

तुझी बहीण,
आजी जिवंत असतानाच तिचं नाव मिळालेली
ब्रीता