कोष विणून होईपर्यंत

१४ तारीख, गुरुवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे आम्ही आहोत तसे आहोत. वहिनीचा गुडघा कसा आहे? जिना चढू नको म्हणावं, कपडे वाळत घालायला तुझे हात काही झिजले नाहीत अजून.

तुझा सत्काराचा फोटो वहिनीने मोबाइलवर पाठवला. गळ्यात हार आणि चेहरा असा, की कुणी दाढ काढायला बसवलंय. आईला दाखवला. तिने चष्मा मागून घेतला, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बारीक झालाय." हाराखाली पोट सुटलंय, हे मी सांगितलं नाही.

रविवारी येतो म्हणून तुझा निरोप मिळाला. त्यावर फोनच करायला हवा होता, कळतं मला. दोनदा लावला आणि वाजायच्या आत बंद केला. तुझा आवाज ऐकला असता तर मी "ये" म्हणून मोकळी झाले असते. म्हणून लिहिते आहे. दुधाचा टँकर उद्या सकाळी तुझ्या प्रयोगशाळेवरून जातो. ड्रायव्हर ओळखीचा आहे, तुझ्या हातातच देईन म्हणालाय.

आधी चांगलं सांगते. कालव्यापलीकडची शेतं यंदा बघण्यासारखी आहेत. दरवर्षी हुमणीच्या अळ्या मुळं कुरतडायच्या आणि उभं पीक वाळून आडवं व्हायचं, त्यातलं काही नाही. विषाचा डबा कुणी उघडला नाही. विहिरींना तो वास नाही. फवारणीवाला माणूस तुला आठवतो ना, ज्याचे हात चहाचा कप धरतानाही थरथरायचे? तो आता शांतपणे कप धरतो. माती उकरली की मेलेल्या हुमण्या वर येतात, पांढऱ्या, कडक. शेतकरी त्या मुठीत घेऊन येतात आणि मला दाखवतात, "ही बघ तुझ्या भावाची करामत. विष नाही, काही नाही, नुसती बुरशी!"

मला अभिमान वाटतो, दादा. हे आत्ताच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचल्यावर तुला ते खरं वाटणार नाही.

आमची शेड रिकामी आहे.

मागच्या खेपेला तू आलास तेव्हा आईच्या अंगात चालण्याइतकं बळ होतं. तिने तुझा हात धरून तुला शेडमध्ये नेलं. रेशमाच्या अळ्या तुतीचा पाला खाताना जो आवाज होतो, तो ऐकायला तुला डोळे मिटून उभं केलं. तू थेट शेतावरून आला होतास, बुटांना माती होती. खांद्याची पिशवी तू ट्रेच्या कडेला टेकवलीस. आईने एक गुबगुबीत अळी तुझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "तू मारतोस, मी वाढवते. दोघांचं पोट किड्यांवरच." किती हसलो आपण.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अळ्यांनी पाला सोडला. मला वाटलं, कात टाकायची म्हणून थांबल्यात. मग एक कडक झाली. दुसऱ्या दिवशी तिच्यावर पिठासारखं काही धरलं. हळूहळू ट्रेच्या ट्रे पांढरे झाले. उचललं तर खडूच्या तुकड्यांसारख्या एकमेकींवर वाजायच्या. सगळं जाळलं, चुना मारला, भिंती ब्लीचिंगने धुतल्या आणि नवी पिल्लं आणली. तीही तशीच गेली.

रेशीम कार्यालयातून एक बाई आल्या. भिंगातून पाहून म्हणाल्या, पांढरी बुरशी. कुठून आली ते सांगता येणार नाही. वारा कालव्याकडूनच येतो, वाऱ्यावर आली असेल. पाल्यावरून आली असेल. त्यांनी तुझं नाव घेतलं नाही, मीही घेतलं नाही. पण बुरशीला काय कळतं, ही हुमणी आणि ही रेशमाची? तिच्या लेखी दोन्ही अळ्याच.

तुझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. तुझ्यामुळे झालं नाही असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. एवढं लिहायला सगळी दुपार गेली बघ.

हे आता गोदामात पोती उचलायला जातात. मला, तुला, कुणालाच बोल लावत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. काल तुझा निरोप सांगितला तर म्हणाले, "बोलव त्याला. आपलं आता काय जायचंय?"

आपलं काही जायचं नाही, हे खरं. पण आमच्या गल्लीत अजून पाच घरांत अळ्या जिवंत आहेत. कशा वाचल्या कोण जाणे. शेवटची कात टाकून झाली आहे, आता अधाशासारखा पाला खातायत. त्यांचे कोष विणून व्हायला अजून पंधरवडा तरी हवा.

आणि आईचं असं आहे, की डॉक्टर म्हणाले आठवडा निघाला तरी खूप झालं.

हे मला पहिल्या ओळीत लिहायचं होतं.

ती आता अंथरुणातून उठत नाही. चार घोट पाणी जातं. हलवू नका म्हणालेत, नाहीतर खाटेसकट उचलून तुझ्याकडे आणली असती. फोनवरचं तिला ऐकू येत नाही, कानाशी तोंड नेऊन बोलावं लागतं. अळ्या उन्हाने गेल्या असं मी तिला सांगितलंय. पण तिला ते पटलेलं नाही. मध्येच डोळे उघडते आणि म्हणते, "किड्यांच्या रोगातलं माझ्या पोराइतकं कुणाला कळतं? बोलवा त्याला. तो आला की अळ्या उठतील." माझा हात धरून पुन्हा पुन्हा तेच. मी हो म्हणते.

कोपऱ्यावरच्या काकू काल आल्या होत्या. भांडायला नाही. आईचे पाय चेपत बसल्या आणि मग मला बाहेर घेऊन गेल्या. म्हणाल्या, "तो आला तर मी आडवी येणार नाही. आईला भेटायला येणाऱ्या लेकाला कोण अडवणार? फक्त आधी सांग, म्हणजे मी दारं-खिडक्या लावून घेईन."

मी म्हटलं, "काकू, तो आंघोळ करून येईल. कोरे कपडे घालून येईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अगं, तूही चुना मारलास, ब्लीचिंग केलंस. काय वाचलं?"

आणि मला तुझंच बोलणं आठवलं. तूच मागे हसत म्हणाला होतास, की बुरशीची ही भुकटी आता तुझ्या केसांत, नखांत, उशीच्या अभ्र्यातसुद्धा आहे, वहिनी वैतागते. काकूंचं घर त्या पाच घरांपैकी एक आहे. त्यांच्याकडे दुसरं काही नाही. आमच्याकडेही नव्हतं.

म्हणून दादा, येऊ नकोस.

हे काकूंनी सांगितलेलं नाही, यांनीही नाही. मी सांगते आहे. आईला कळलं तर ती मला कधी माफ करणार नाही, पण तिला कळणार नाही. ती विचारेल तेव्हा सांगेन, की तू येऊन गेलास. ती झोपली होती म्हणून उठवलं नाहीस. उशाशी बसलास, कपाळावरचे केस मागे सारलेस. तिला आणखी काही सांगायचं असेल तर ड्रायव्हरला तोंडी सांग. तो मला फोन करेल आणि मी तुझ्याच शब्दांत तिच्या कानात सांगेन. कागद मात्र पाठवू नकोस. तुझ्या टेबलावरचा कागदही आता गल्लीत नको.

ती गेली की त्याच वेळी तुला कळवू की नको, हे मला ठरवता येत नाहीये. कळवलं तर तू निघशील. काकूंच्या घरचे कोष उतरले, की मी स्वतः फोन करेन. तेव्हा ये. मोठ्याने रडायला, माझ्यावर ओरडायला, कशालाही ये. दार उघडंच असेल. आत आई नसेल.

"तुझीच" लिहायला गेले आणि हात अडला. तरी लिहिते.

तुझीच,
धाकटी