विरळ हवेतला सराव

ताई, तुझ्या धाकटीचा धापा टाकत नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण भरपूर मिळतं. एवढ्या उंचावर हवा विरळ, त्यामुळे थोडं पळालं तरी छातीचा भाता होतो. सर म्हणतात, सवय होईल.

काल पळताना माझ्या खोलीतली मैत्रीण भेलकांडली. ओठ निळे पडले होते. सर ओरडले, "नाटकं पुरे!" मीच तिला धरून खालच्या दवाखान्यात नेलं. प्राणवायू लावल्यावर बऱ्याच वेळाने तिने मला ओळखलं.

सर चिडलेत. उद्या आणखी वर पळायचंय. नाही म्हणेल ती संघाबाहेर. मी हो म्हटलंय.

आईचे गुडघे कसे आहेत? हे तिला वाचून दाखवू नकोस. आज बुटाची नाडी बांधताना माझी बोटं ऐकतच नव्हती.

तुझीच,
धाकटी